जुन्या पिकअपच्या हौद्याला घरच्या घरी कोटिंग, गोव्याच्या हवेत टिकेल असं

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि मी पिकअपच्या हौद्यातली रबरी मॅट उचलली. उचलली म्हणजे ओढूनच काढावी लागली, पत्र्याला चिकटून बसली होती, आणि सुटली तेव्हा तिच्याबरोबर गंजाचे तळहाताएवढे पापुद्रे वर आले. खाली ओलसर तांबडा चिखल, त्यात माशांचे खवले, आणि केबिनकडच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर तो सरळ आत गेला आणि भोकातून खालची जमीन दिसली. पाऊस जाऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, गाडी रोज उन्हात उभी, वरून सगळं खडखडीत कोरडं, आणि मॅटखाली मात्र ओल होती तशीच.

गाडी २०११ ची बोलेरो पिकअप, आम्ही पेडण्याकडचे. नारळ, चिरे, उन्हाळ्यात काजूची बोंडं, मेव्हण्याच्या धंद्यासाठी अधूनमधून जेटीवरून मासळीचे क्रेट, चवथीला वाड्यावरचे दोन-तीन गणपती, सगळं याच हौद्यातून जातं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मी मे महिन्यात घाईघाईत काळं कोटिंग मारलं होतं, पाऊस तोंडावर आला होता म्हणून, आणि चवथीपर्यंत त्याचे पोपडे निघाले. पोपड्याच्या आतल्या बाजूला गंज चिकटून आलेला, म्हणजे कोटिंग पत्र्याला धरलंच नव्हतं, गंजाला धरलं होतं. ह्या वेळी नीट केलं, मग एक अख्खा पावसाळा गाडी वापरली, आणि हौदा अजून धड आहे म्हणून लिहितोय. खूप जण मेमध्ये तीच घाई करतात आणि पैसे वाया जातात.

आधी एक गोष्ट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पावसात घरातली मिठाची बरणी बघा, झाकण बंद असलं तरी मीठ ओलं होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता कित्येक महिने त्याच्या वरच असते, पाऊस तर वर्षाला ३००० मिमीच्या आसपास. आता हेच मीठ पत्र्यावरच्या गंजाच्या बारीक खड्ड्यात बसलंय असं समजा, मासळीच्या बर्फाचं पाणी, समुद्राकडून येणारा वारा, काहीही कारण असो. त्यावर तुम्ही कितीही महागडं कोटिंग मारा, ते मीठ कोटिंगच्या खाली बसून पाणी ओढत राहतं आणि गंज आतून वाढतो. तुम्हाला दिसत नाही एवढंच. म्हणून चार दिवसांचं काम असेल तर तीन दिवस धुणं-घासणं आणि एक दिवस रंग, हा हिशोब मनाशी धरूनच सुरुवात करा.

कधी करायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा असते ना, त्याच्या आसपासचे दिवस एकदम चांगले, पाऊस नाही, ऊन आहे पण पत्रा हात भाजेल इतका तापत नाही. अडचण एकच, पहाटेचं दव. रात्री उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि सकाळी त्यावर पाणी साचतं, डोळ्याला नाही दिसलं तरी बोट फिरवल्यावर कळतं. नियम असा आहे की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून आकडा येतो तोच दवबिंदू. आकडेमोड नको असेल तर सरळ धरा की सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी साडेतीन-चारनंतर रंगाचा डबा उघडायचा नाही, आणि रात्री गाडी छपराखाली. आमच्याकडे मांगराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे तिथेच सगळं केलं. शेड नसेल तर ताडपत्री बांधा पण हौद्याला टेकता कामा नये, खालून वारा खेळायला पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये करू नका. उकाडा, घाम टपटप पत्र्यावर पडतो, दोन पार्टवाला रंग डब्यातच घट्ट होतो, आणि वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही.

कोटिंग कुठलं

ऑटो पेंटच्या दुकानात विचारलं की तीन वेगळ्या गोष्टी दाखवतात आणि तिन्हीला कोटिंगच म्हणतात. एक ते काळं डांबरासारखं किंवा रबरासारखं, जे पावसाळ्याआधी गाडीच्या खालून मारतात. ते खालच्या बाजूलाच चांगलं, हौद्याच्या तळाला मारू नका, उन्हात मऊ होतं, चिऱ्याची कड लागली की निघतं, आणि मी पहिल्यांदा तेच मारलं होतं. दुसरं म्हणजे मशीनने गरम करून मारतात ते पॉलीयुरिया, काही सेकंदात सेट होतं, सगळ्यात मजबूत तेच, पण ते घरी होणारं काम नाही, त्याची मशीनच वेगळी असते. तिसरं आपल्या कामाचं, टू-पॅक पॉलीयुरेथेन, एका डब्यात रंग एका डब्यात हार्डनर, आणि रंगात खरखरीतपणासाठी बारीक रबराचे किंवा प्लास्टिकचे कण. बेड लायनर किंवा टेक्स्चर कोटिंग म्हणून मागा. उन्हात फिकं पडणार नाही असं लिहिलेलं बघून घ्या, यूव्ही सोसणारं, नाहीतर काळ्याचं वर्षभरात राखाडी होतं.

किती लागेल तो हिशोब सोपा आहे. १ लिटर रंग १ चौरस मीटरवर पसरला तर ओला थर बरोबर १ मिमी होतो. आमचा हौदा अंदाजे साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, बाजू दीड फुटाच्या. तळ ४७ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून साडेपंचवीस, पुढचा भाग आणि मागचा उघडणारा फाळका मिळून साडेसोळा, म्हणजे ८९, आणि तळाच्या पत्र्यातल्या लांब नाल्यांमुळे (पन्हळींमुळे) थोडं जास्त, तर १०० धरा. १०० चौरस फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. दोन हात मिळून अर्धा मिमी ओला थर पाहिजे असेल तर साडेचार-पावणेपाच लिटर मिक्स केलेला माल लागतो. दुकानदार एक लिटरात होईल म्हणाला तर त्याला हा हिशोब सांगा, एक लिटरात नुसता रंग होतो, संरक्षण होत नाही.

हौदा उघडा करणं

मॅट, प्लाय, पट्ट्या, दोर बांधायच्या कड्या, जे निघेल ते काढा. फाळका बिजागरीतून सोडवा, दोघे लागतात, एकट्याने उचलू नका. तो वेगळा आडवा ठेवून रंगवला की ओघळ येत नाहीत आणि बिजागरीच्या मागचा गंजही हाताला लागतो, सगळ्यात जास्त गंज तिथेच असतो. जुने बोल्ट तुटतात, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, पण तो स्प्रे तेलकट असतो तेव्हा नंतर ती जागा विसरू नका.

आता पहिली धुलाई, आणि ही घासायच्या आधीच. बरेच जण आधी ग्राइंडर लावतात, त्याने होतं काय की पत्र्यावरचं तेल, मासळीची चरबी, डिझेल सगळं घासलेल्या ओरखड्यांत आत जाऊन बसतं आणि मग कितीही पुसा निघत नाही. चरबी राहिली तर वरच्या रंगात गोल गोल डोळे पडतात, रंग तिथून मागे सरकतो. गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचा कडक ब्रश, दोनदा. मग सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशर वॉश, पण त्याला शॅम्पू-पॉलिश काही मारू नको म्हणून आधीच सांगा. नाल्या, कोपरे आणि पाणी जायची भोकं यांवर प्रेशर जास्त वेळ धरायला लावा. विहिरीचं पाणी गोडं असेल तर चालेल, खाडीजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तसं पाणी शेवटच्या धुलाईला वापरू नका.

धुऊन झाल्यावर बघायचं की पत्र्यावर पाणी कसं बसतं. सगळीकडे सलग पातळ पडदा राहिला तर स्वच्छ. मध्येच पाणी तुटून थेंब झाले, कमळाच्या पानावर होतात तसे, तर तिथे अजून चरबी आहे, परत धुवा. आमच्या हौद्यात मागच्या टोकाला, जिथे क्रेट ओढून उतरवतात तिथे, चार वेळा धुवावं लागलं.

गंज, आणि गंजातलं मीठ

स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळा तळ टोचत जा. जिथे आवाज खणखणीत आणि टोक आत जात नाही तिथे वरचाच गंज. जिथे बद्द आवाज येतो किंवा टोक रुततं तिथे खडूने गोल करा, तो पत्रा गेलेला आहे, त्यावर रंग मारून उपयोग नाही.

वरचा गंज काढायला ग्राइंडरला वायरचा कप सगळे लावतात, मीही लावला होता. पण वायरचा कप गंज काढण्यापेक्षा त्याला पॉलिश जास्त करतो, काळपट चकचकीत होतं आणि आपल्याला वाटतं लोखंड आलं. पापुद्रे उडवायला वायर ठीक, त्यानंतर ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क लावा, हलक्या हाताने, एकाच जागी दाबून धरलं तर पत्रा पातळ होतो आणि तापून वाकतो. लोखंडाचा खरा रंग पांढरट राखाडी, तो दिसला पाहिजे. चष्मा घालाच, वायरचे तुकडे उडतात, आणि ठिणग्या कुठे जातायत ते बघा, हौद्याखाली डिझेलची टाकी, ब्रेकचे पाईप, मागच्या लाईटची वायरिंग असते. मी भोकं पडलेल्या भागाखाली ओलं गोणपाट टाकलं होतं आणि भाच्याला पाण्याची बादली घेऊन उभं केलं होतं.

जिथे जुना रंग घट्ट आहे तो काढायची गरज नाही. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चकाकी मारा, बस्स. हात फिरवला तर कोरड्या पाटीसारखं लागलं पाहिजे. नाल्यांच्या कोपऱ्यात पेपर जात नाही तिथे भांडी घासायचा हिरवा स्क्रबर चालतो, नवा घ्या, स्वयंपाकघरातला नको, त्यात साबण आणि तेल असतं. चकाकी राहिली तर कोटिंग तिथून प्लास्टिकच्या कागदासारखं सोलून येतं.

आता ती पायरी जी मी पहिल्यांदा केलीच नव्हती. घासून लोखंड उघडं झालं की खड्डे दिसतात, सुईच्या टोकाएवढे ते तांदळाच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येकाच्या तळाशी काळा ठिपका. मीठ तिथे आहे. गरम गोडं पाणी ओता, कडक ब्रशने त्या खड्ड्यांवर जोर लावून घासा, पाणी काढून टाका, परत गरम पाणी, असं तीनदा. मग लगेच फडक्याने पुसून ब्लोअरने किंवा उन्हात सुकवा. थोडा तांबूस रंग येईल, त्याची काळजी नाही. त्या रात्री गाडी शेडमध्ये तशीच उघडी ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन बघा. आमच्याकडे पहिल्या सकाळी सगळा पत्रा कोरडा होता पण क्रेटच्या जागी आणि चाकावरच्या उंचवट्याच्या मागे पंधरा-वीस काळे ओले ठिपके होते, बोट लावलं तर दमट. बाजूचा पत्रा कोरडा आणि फक्त खड्डा ओला, म्हणजे मीठ अजून आतच. परत गरम पाणी, परत ब्रश. दुसऱ्या सकाळी चार राहिले, तिसऱ्या सकाळी एकही नाही. ह्या दोन दिवसांमुळेच हौदा टिकला असं माझं ठाम मत आहे.

रस्ट कन्व्हर्टर मारू का, हे सगळे विचारतात. टॅनिक ॲसिडवाला असतो तो गंजाला काळानिळा करतो, फॉस्फोरिक ॲसिडवाला गंज खातो. जिथे हात पोचतच नाही अशा सांध्यात मारायला हरकत नाही, पण ॲसिडवाला मारून न धुता त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला तर प्रायमर नीट धरत नाही. आणि कन्व्हर्टर मीठ काढत नाही, कुठलाच काढत नाही. तेव्हा घासणं टाळायला म्हणून तो वापरू नका.

भोकं

ही वेल्डिंगवाल्याकडेच द्या. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि तेवढाच तुकडा बसवायचा, तळाला १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, बाजूंना १८ गेज चालतो. काही मिस्त्री सडक्या पत्र्यावरच नवा तुकडा ठेवून कडेने टाके मारतात, तसं करू देऊ नका, दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच वेल्डिंग. फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवणं तळाला अजिबात नको, चिऱ्यांच्या वजनाने तडकतं.

वेल्डिंगची कड घासून सपाट करा, जळालेला काळा भाग काढा, आणि तुकड्याच्या खालच्या बाजूलाही प्रायमर आणि ते काळं अंडरकोटिंग मारा, तिथे ते योग्य आहे. सांधे पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन सीलंटने भरा. सिलिकॉन आणू नका, दुकानात तेच आधी हातात देतात, पण सिलिकॉनवर कुठलाही रंग बसत नाही आणि सिलिकॉनचा हात जिथे लागेल तिथेही बसत नाही.

प्रायमर

टू-पॅक इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, खिडकीच्या गजांना ठीक, इथे नको, टू-पॅक कोटिंगमधला थिनर साध्या रेड ऑक्साइडला मऊ करून उचलू शकतो.

मारायच्या दिवशी सकाळी तांबूसपणा आला असेल तो ८० नंबरने हलका काढा, धूळ झटका, मग दोन फडकी, एक थिनरने भिजवलेलं आणि लगेच मागून दुसरं कोरडं. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर चरबी इकडून तिकडे फिरते. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हाताचा घामही खारटच.

पाणी जायच्या भोकांत पेपराची घट्ट सुरळी, बारीक भोकांत खराट्याचा हीर खोचून ठेवा. ही भोकं बुजली तर हौद्याची टाकी होते. बिजागरी, बोल्टचे आटे, लाईट, बाहेरच्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, सगळ्याला मास्किंग टेप. पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल, फिटनेसला बघतात, त्यांच्यावर रंग गेला तर नव्या लावाव्या लागतील. बाहेरून कोटिंग मारायचा मोह टाळा, गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो.

प्रायमर आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं ते मापाच्या ग्लासने मोजा, अंदाजपंचे नको. काही प्रायमर मिक्स करून पंधरा-वीस मिनिटं तसेच ठेवायचे असतात, डब्यावर बघा. उघड्या लोखंडावर आधी ब्रशने दाबून, खड्ड्यांत जाईल असा, मग रोलरने सगळीकडे. वेल्डिंगच्या कडांवर आणि धारेवर ब्रशचा एक जादा हात, कारण धारेवरून रंग नेहमी पळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आम्ही दुसऱ्या दिवशी कोटिंग मारलं. डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलात तर प्रायमर इतका कडक होतो की परत १८० नंबरने घासावं लागतं.

कोटिंगचा दिवस

आधी श्वासाचं बोलतो. ह्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने फुप्फुसाला ॲलर्जी बसू शकते, दम्यासारखी, आणि एकदा बसली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. रुमाल, कोविडचे मास्क ह्यांचा उपयोग नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रबरी मास्क घ्या, हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. गनने स्प्रे करायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो आपल्याकडे नसतो, म्हणून घरी मी स्प्रे करायला कोणाला सांगत नाही. रोलरने करा, हौद्याला रोलरची खरखर उलट छानच दिसते. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा.

रंगाच्या डब्यात तळाला कण बसलेले असतात, लाकडी पट्टीने खालून वर पाच मिनिटं ढवळा. नुसता वरचा रंग घेतला तर पहिला हात गुळगुळीत आणि शेवटचा खडीसारखा होतो. हार्डनर अर्ध्याच मालात घाला, अर्धा नंतरसाठी. मिक्स केलेला माल डब्यावर साधारण तासभर टिकतो असं लिहिलेलं असेल तर ते थंड देशाच्या हिशोबाने आहे, आपल्या ३१-३२ अंशांत त्याहून बराच लवकर घट्ट होतो, आणि उभ्या डब्यात जास्त माल ठेवला की तो स्वतःच तापतो आणि अजून लवकर जातो. पसरट ट्रेमध्ये ओतून घ्या.

कोपरे, सांधे, नाल्यांच्या कडा आधी ब्रशने. मग केबिनकडच्या भिंतीपासून सुरू करून बाजू, मग तळ, आणि मागे मागे सरकत फाळक्याच्या तोंडातून बाहेर. साधा पिवळा स्पंजचा रोलर घेऊ नका, थिनरने विरघळून त्याचे तुकडे रंगात येतात, सॉल्व्हंट चालणारा किंवा टेक्स्चरचा जाळीदार घ्या आणि दोन-तीन जादा ठेवा. पहिला हात पातळ, प्रायमर थोडा दिसला तरी चालेल. जाड मारलात तर वरून साय धरते आणि आत थिनर अडकतो, मग फुगे. आपल्या दमट हवेत हे लवकर होतं कारण हार्डनर पाण्याशीही रिॲक्ट होतो आणि त्यातून गॅस सुटतो. म्हणूनच उरलेला मिक्स माल झाकण घट्ट लावून ठेवू नका, डबा फुगतो. उघडाच ठेवून कडक होऊ द्या आणि मग टाका, गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका.

तास-दीड तासाने, बोट लावलं तर चिकट पण बोटाला रंग येत नाही, तेव्हा दुसरा हात, आडव्या दिशेने. पहिला लांबीत असेल तर दुसरा रुंदीत, राहिलेल्या जागा आपोआप भरतात. मागच्या तीन फुटांत, जिथे सामान ओढलं जातं, तिथे आम्ही तिसराही मारला.

मास्किंग टेप कोटिंग ओलं असतानाच काढा. कडक झाल्यावर ओढली तर तिच्याबरोबर कड फाटून येते. सुरळ्या आणि हीर पण तेव्हाच उपटा. ऊन असलं तरी ओलं कोटिंग कडक उन्हात नेऊ नका, वरून भाजतं.

नंतर

दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. तीन दिवस काहीही ठेवू नका, चिरे आणि जड सामान पूर्ण आठवड्यानंतर. आमच्याकडे चौथ्या दिवशी कोणीतरी नारळाची पोती भरायला आलं होतं, मी दुसरी गाडी बघून दिली.

वापरायला लागल्यावर मासळीची ट्रिप झाली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं, काजूच्या बोंडांनंतरही, त्यांचा रस आंबट असतो आणि नाल्यांत साचून राहतो. भोकांतून पाणी जातंय का बघायचं, बोंडाचा चोथा आणि नारळाची किशी अडकते, हीर घालून मोकळी करायची.

ह्या दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुतली तेव्हा पूर्ण हौदा बोटाने चाचपून बघितला. फुगा कुठेच नाही. चिऱ्यांचे दोन ओरखडे प्रायमरपर्यंत गेलेले, फाळक्याजवळ, एक तर चांगला वीतभर लांब. ती जागा १८० नंबरने चारी बाजूंनी दोन बोटं जास्त घासली, गरम पाण्याने धुतली, एक रात्र ठेवून ओला ठिपका येत नाही ना ते बघितलं, आणि पाऊस पूर्ण गेल्यावर प्रायमर आणि कोटिंगचे दोन हात ब्रशने टिपून घेतले. त्यासाठी वेगळे ठेवलेले रंग आणि हार्डनरचे डबे उपयोगी पडले, हार्डनरचं झाकण कधीच सैल ठेवू नका, हवा लागली की तो वाया जातो.

मॅट मी परत कायमची घातली नाही. फक्त चिऱ्यांच्या ट्रिपला घालतो, आणि माल उतरवला की काढून शेडच्या भिंतीला उभी करून ठेवतो.